जॅग्वारचं एक्सके इंजिन: आधी कशाला हात लावायचा आणि शेवटी कशाला

जुनी जॅग्वार हाती आली की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात कार्बोरेटर उघडतात. गाडी पिकअप घेत नाही, आयडलला अडखळते, मागून काळा धूर येतो. बॉनेट उचललं की समोर एसयू कंपनीच्या कार्बोरेटरची जोडी दिसते आणि स्क्रू फिरवायला कष्ट पडत नाहीत. पण एक्सके इंजिनाच्या कामाला क्रम आहे: आधी पाणी, मग तेल, मग टॅपेट आणि चेन, त्यानंतर इग्निशन आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. टॅपेट घट्ट असताना किंवा टायमिंग मागे असताना कार्बोरेटर कितीही जुळवला तरी तो जुळत नाही. उलट मूळ दोष झाकला जातो आणि पुढे हेड उतरवायची पाळी येते.

हे इंजिन १९४८ साली एक्सके १२० गाडीबरोबर आलं आणि डेमलर डीएस४२० लिमोझिनसाठी १९९२ पर्यंत बनत राहिलं. मार्क २, बहुतेक ई-टाइप आणि आधीच्या एक्सजे६ या सगळ्यांत तेच आहे. ३.४ लिटर (३४४२ सीसी), ३.८ (३७८१ सीसी) आणि ४.२ (४२३५ सीसी) ही त्याची नेहमी भेटणारी रूपं, आणि तिन्हींचा स्ट्रोक १०६ मिमी. बीडाचा ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वर दोन कॅमशाफ्ट, खाली सात मेन बेअरिंग. इंजिन दणकट आहे. वयाने ते सहसा मरत नाही. मारतात ती उष्णता आणि घाण.

सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली: जॅग्वारच्या मोजणीत १ नंबरचा सिलिंडर मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला आहे आणि ६ नंबरचा पुढे, रेडिएटरच्या बाजूला. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. इतर गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक पुढचा सिलिंडर १ नंबरचा धरून वायरी लावतो आणि मग इंजिन का चालू होत नाही ते शोधत बसतो. दुसरी: इंजिन नंबरच्या शेवटी ७, ८ किंवा ९ हा आकडा असेल तर तो कॉम्प्रेशन रेशो आहे. इग्निशन टायमिंगचा आकडा त्यावर ठरतो, म्हणून नंबर लिहून ठेवा आणि त्याच वर्षाचं, त्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा.

हत्यारांत इंची (एएफ) मापाचे पाने आणि सॉकेट लागतील. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. शिवाय फीलर गेज, ० ते १ इंचाचा मायक्रोमीटर, टॉर्क पाना, कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाइट आणि नळीने जोडायचं साधं ऑइल प्रेशर गेज हवं. या गाडीची सगळी मापं थाऊमध्ये आहेत. १ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

पाणी

बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र असलेल्या इंजिनात नुसतं पाणी किंवा वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट घातलं की दोन्हीकडून नुकसान होतं. ब्लॉक गंजतो आणि तो गंज गाळ होऊन जॅकेटच्या (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या) तळाशी, मुख्यतः मागच्या टोकाला साचतो. हेड पाण्याच्या भोकांभोवती खाल्लं जातं. मागचे सिलिंडर आतून तापत असले तरी गेजवर बराच काळ काही दिसत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर आणि ब्लॉक, दोन्हीकडचे कॉक उघडा. ब्लॉकच्या कॉकमधून पाणी आलंच नाही तर जॅकेट रिकामं आहे असं समजू नका. भोक गाळाने बुजलेलं आहे. कॉक काढून आत जाड तार घाला आणि गाळ मोकळा करा. तपकिरी चिखल येत राहिला तर ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (जॅकेटची भोकं बुजवणाऱ्या चकत्या) काढायलाच हवेत. ते आतून कुजतात, त्यामुळे नवे बसवणं तसंही शहाणपणाचं, पितळी घ्या. मोकळ्या झालेल्या भोकांतून तारेने खरवडत, नळीच्या पाण्याने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. रेडिएटर वेगळा काढून उलट्या दिशेने धुवा, म्हणजे ब्लॉकमधला गाळ त्यात जाणार नाही.

थर्मोस्टॅटकडे नीट पाहा. अनेक एक्सके इंजिनांत थर्मोस्टॅटवर एक सरकणारी बाही असते. पाणी तापून थर्मोस्टॅट उघडला की ही बाही बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणाऱ्या वाटेचं) भोक झाकते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. तिथे बाही नसलेला साधा थर्मोस्टॅट बसवला तर बायपास कायम उघडा राहतो आणि तापलेलं पाणी इंजिनातच फिरत राहतं. लक्षण ठरलेलं आहे: गेज चढतंय, पण रेडिएटरचा खालचा पाइप हाताला कोमटच लागतो. असं दिसलं तर नवा रेडिएटर घ्यायच्या आधी थर्मोस्टॅट काढून जुन्या भागाशी ताडून बघा.

भरताना एथिलीन ग्लायकॉलचं, जुन्या गाड्यांसाठी चालणारं पारंपरिक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. सेंद्रिय आम्लावर आधारलेलं नव्या पद्धतीचं कूलंट जुन्या रेडिएटरच्या झाळणीला आणि गॅस्केटला मानवेलच असं नाही, म्हणून ते टाळलेलं बरं. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावकाश भरा, नाहीतर हवा अडकते. रेडिएटरची टोपी मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाचीच लावा. जास्त दाबाची टोपी लावून पाणी थोडं उशिरा उकळेल खरं, पण तो दाब जुना हीटर आणि जुने पाइप फोडतो.

तेल

टॅपेट इथे सपाट बकेटचे (व्हॉल्व्हवर बसणाऱ्या छोट्या बादलीसारख्या टोपीचे) आहेत आणि कॅम थेट त्यांच्यावर घासतो. म्हणून झिंक-फॉस्फरसचं प्रमाण चांगलं असलेलं, जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घ्या. आजच्या पातळ ऑइलवर इंजिन गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं, पण प्रेशर पडतं आणि गळती वाढते. ४,००० ते ५,००० किलोमीटरला, किंवा गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा बदला. मॉडेलप्रमाणे साधारण ७ ते ८.५ लिटर लागतं. आधी ६ लिटर ओता, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवा.

इंजिन गरम असताना चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) प्लग काढा, तेल पूर्ण निथळू द्या आणि प्लगला नवा तांब्याचा वॉशर लावा. मग फिल्टर. जुन्या डबा-पद्धतीच्या फिल्टरमध्ये डबा मधल्या बोल्टवर उतरतो, आणि नवखे हमखास फसतात ते इथेच. डब्याच्या कडेची रबरी रिंग फिल्टर हेडच्या खाचेत बसलेली असते. वर्षानुवर्षं तापून ती इतकी कडक आणि काळी होते की खाचेचाच तळ वाटते. ती तशीच राहिली आणि वर नवी रिंग बसली, तर डबा घट्ट वाटतो, पण इंजिन सुरू होताच प्रेशरने तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. टोकदार सुईने खाच कुरतडा, रिंग तुकड्यातुकड्यांत निघेल. खाली धातू चमकला की मगच नवी रिंग तेल लावून बसवा. इंजिन चालू केल्यावर पहिलं मिनिटभर अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका. प्रेशर चढतंय का आणि फिल्टरपाशी ओल येतेय का, एवढंच बघा.

इंजिन पूर्ण तापल्यावर ३,००० आरपीएमला प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास हवं. आयडलला ते बरंच उतरतं, त्याने घाबरू नका. डॅशबोर्डवरची सुई मात्र पुरावा नाही, कारण या गाड्यांचे इलेक्ट्रिक सेंडर खोटं बोलतात. सेंडरच्या जागी नळीचं गेज लावून खरं प्रेशर बघा. तिथेही कमी भरलं तर आधी फिल्टर हेडमधला रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ करा. त्याच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी तेल परत चेंबरमध्ये जातं. त्यानंतरही प्रेशर कमी असेल आणि जोडीला खालून जड ठकठक येत असेल, तर बेअरिंग गेली आहेत. गाडी चालवू नका.

मागून, बेलहाउसिंगपाशी तेल ठिबकणं हे या इंजिनाचं जुनं दुखणं. तिथे दोरीचं सील आहे आणि ते बदलायला क्रँकशाफ्ट काढावा लागतो. म्हणून त्याला दोष देण्याआधी हेडच्या पुढच्या तोंडावरचा ब्रीदर उघडून त्यातली जाळी धुवा. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तेल मागून ढकललं जातं. जाळी धुतल्यावर गळती निम्म्यावर आलेली पुष्कळदा दिसते.

टॅपेट

एक्सके इंजिनाची खरी मेहनत इथे आहे, आणि घाई केली तर खरं नुकसानही इथेच होतं. एकूण १२ व्हॉल्व्ह: ६ इनलेट, ६ एक्झॉस्ट. ३.४ आणि ३.८ मध्ये थंड इंजिनावर कॅम आणि बकेटमधला गॅप इनलेटला ४ थाऊ (०.१० मिमी), एक्झॉस्टला ६ थाऊ (०.१५ मिमी). नंतरच्या कॅमशाफ्टच्या ४.२ इंजिनांत दोन्हीकडे १२ ते १४ थाऊ. तुमच्या इंजिनात कोणता कॅमशाफ्ट आहे हे कळल्याशिवाय गॅप ठरवू नका.

गॅप वाढला की टिकटिक ऐकू येते आणि मालक घाबरून धावत येतो. खरी भीती गॅप कमी होण्याची असते, कारण त्याचा आवाजच येत नाही. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. गॅप संपला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, गरम वायू कडेने निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते.

मोजणी अशी करा. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. सगळे स्पार्क प्लग काढा. त्याआधी दोन कॅम कव्हरच्या मधल्या खोलगट भागातली घाण हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. कव्हरचे नट आणि तांब्याचे वॉशर डबीत ठेवा. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवा. ज्या कॅमचं टोक बकेटच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला आलं, त्याच्या पाठीत आणि बकेटमध्ये फीलर सरकवा. पाती हलकी ओढ लागून सरकली पाहिजे. ढकलावी लागत असेल तर ती जाड आहे. बाराही आकडे कागदावर लिहा.

आकडे बरोबर असतील तर कव्हर लावा आणि पुढे चला. नसतील तर प्रत्येक बकेटखाली असलेली शिम (ठरावीक जाडीची धातूची चकती) बदलावी लागते आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उचलावा लागतो. शिमवर ए ते झेड अक्षर असतं. ए म्हणजे ०.०८५ इंच, पुढचं प्रत्येक अक्षर १ थाऊने जाड, झेड म्हणजे ०.११० इंच. हिशेब सोपा आहे: जुन्या शिमची जाडी अधिक मोजलेला गॅप, त्यातून हवा असलेला गॅप वजा. समजा एक्झॉस्टला १० थाऊ भरले, हवेत ६, आणि जुनी शिम एफ म्हणजे ०.०९० निघाली. मग नवी शिम ०.०९० + ०.०१० − ०.००६ = ०.०९४, म्हणजे जे. अक्षरावर विसंबू नका, शिम मायक्रोमीटरने मोजा. जुन्या शिमच्या मधोमध व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. तशी शिम उलटी करून वापरायची नाही, टाकून द्यायची.

कॅमशाफ्ट उचलताना हा क्रम पाळा:

१. ६ नंबरचा, म्हणजे पुढचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या जागी) आणा. दोन्ही कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाच्या खाचा कव्हरच्या पृष्ठभागाशी काटकोनात येतात. टायमिंग प्लेट लावून खात्री करा.

२. चेनच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा. स्प्रॉकेटचा बोल्ट तिथे निसटला तर तो खाली गिअर आणि चेनमध्ये जातो आणि चेंबर उतरवावा लागतो.

३. वरच्या चेनचा ताण सैल करा, स्प्रॉकेटचे दोन बोल्ट काढा आणि स्प्रॉकेट चेनसकट त्याच्या आधारावर सरकवा. चेन स्प्रॉकेटवरून उतरू देऊ नका.

४. बेअरिंग कॅपवरचे नंबर टिपा. सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. एकच बाजू मोकळी केली तर स्प्रिंगच्या जोराने कॅमशाफ्ट तिरका होऊन मोडतो.

५. बकेट चुंबकाने उचला, आणि बकेट व शिम नंबर घातलेल्या खणांत ठेवा. अदलाबदल करायची नाही.

हेड ब्लॉकवर असताना सुटा कॅमशाफ्ट कधीही फिरवू नका. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात, पिस्टनलाही लागतात आणि वाकतात. दोन्ही कॅमशाफ्ट एकदम न काढता एकेक करा. बसवताना खाच प्लेटशी जुळलेली ठेवूनच कॅप घट्ट करा.

कॅमशाफ्ट बाहेर असताना एक्झॉस्टच्या बाजूचे टॅपेट गाइडही बघा. हे बीडाचे गाइड अ‍ॅल्युमिनियममध्ये दाबून बसवलेले असतात. हेड जास्त तापलं की ते सैल होऊन वर सरकतात आणि कॅम त्यांच्यावर आपटतो. एखाद्या गाइडची कड बाकीच्यांपेक्षा वर दिसली किंवा चकाकली तर गाइड दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचा संच बसवल्याशिवाय कव्हर लावू नका.

चेन

दोन दुहेरी चेन आहेत. खालचीचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, वरचीचा ताण हाताने लावायचा. आयडलला हेडच्या पुढून खडखड येत असेल तर बहुधा वरची चेन. ब्रीदरचं हाउसिंग काढा, लॉकनट सैल करा, अडकवणारी खिटी दाबा आणि दोन पिनांच्या हत्याराने दातेरी चकती डावीकडे फिरवून ताण वाढवा. स्प्रॉकेटखाली दोन्ही बाजूंना चेन बोटाने किंचित हलली पाहिजे. तारेसारखी ताणली तर इंजिन कण्हल्यासारखा आवाज करतं आणि बेअरिंग झिजतात. खालच्या चेनच्या कामाला हेड उतरवावं लागतं, तेव्हा ते हेडच्या कामाबरोबरच करा.

इग्निशन

पॉइंटचा गॅप १४ ते १६ थाऊ, प्लगचा २५ थाऊ. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, म्हणून प्लग आधी हातानेच पूर्ण आत घाला. हाताने जात नसेल तर आटे वाकडे धरले आहेत, परत काढा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी तोंडाने ओढून बघा. दम टिकला नाही तर पडदा फाटलेला आहे, आणि गाडी सुस्त वाटण्याचं व पेट्रोल जास्त खाण्याचं कारण तिथेच सापडलं.

टायमिंग लाइट लावण्याआधी क्रँकच्या पुढचा डॅम्पर तपासा. त्याची बाहेरची कडी रबरावर चिकटवलेली असते. जुन्या डॅम्परमध्ये ती सरकते आणि तिच्यावरच्या खुणा चुकीच्या ठरतात. ६ नंबरच्या प्लगच्या भोकातून खरा टीडीसी शोधून खुणेशी ताडा.

कार्बोरेटर

आता कार्बोरेटर. डॅशपॉटमध्ये एसएई २० तेल घाला. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जुन्या रबरी नळ्या बदला. त्या आतून सुटतात आणि तुकडे जेटपाशी अडकतात.

काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर मिक्श्चरच्या आधी स्टार्टिंग कार्बोरेटर (थंड इंजिन सुरू करायला जादा पेट्रोल देणारा छोटा कार्बोरेटर) बघा. थंड इंजिनावर तो विजेवर आपोआप चालू होतो आणि सूंऽऽ असा ठळक आवाज करतो. इंजिन तापल्यावर तो बंद व्हायला हवा. होत नसेल तर त्याची वायर काढा. आवाज थांबला तर दोष तापमानाच्या स्विचमध्ये आहे.

एचडी जातीच्या एसयूसाठी: इंजिन तापवून आयडल ५०० ते ७०० आरपीएमच्या दरम्यान आणा. जोडणारा शाफ्ट सैल करून, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दोन्ही तोंडांतला आवाज सारखा करा. मग कार्बोरेटरमधला एकेक पिस्टन फक्त पाऊण मिलिमीटर उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे, इंजिन अडखळलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून लगेच मूळ जागी आला तर बरोबर. मिक्श्चरचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की रिच होतं. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको.

हेड उतरवावं लागलं तर

कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरना सारखं आहे का ते आधी मोजा. १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण शोधा. शेजारच्या दोन सिलिंडरना एकत्र कमी भरलं तर गॅस्केट, एकालाच कमी असेल तर त्याच्या प्लगच्या भोकातून थोडं तेल घालून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

हेडला १४ मोठे डोम नट आणि पुढे ६ लहान नट आहेत. हे सहा विसरले जातात आणि हेड का निघत नाही म्हणून पहारी लावल्या जातात. पहार लावायची नाही, अ‍ॅल्युमिनियमला खोक पडते. हेड स्टडवर गंजून अडकतं. स्टडभोवती भेदक तेल घालून काही दिवस वाट पाहा आणि रबरी हातोड्याने हलवत राहा. नंतरच्या ४.२ ब्लॉकमध्ये स्टड लांब आहेत, ते पाण्याच्या जॅकेटमधून खालपर्यंत जातात आणि तिथेच गंजतात. अशा इंजिनाचे स्टड बदलण्याची तयारी ठेवूनच हेडला हात घाला. उतरवलेलं हेड टेबलावर थेट टेकवू नका. उघडे व्हॉल्व्ह खाली आलेले असतात, ते वाकतात. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे द्या.

बसवताना स्टडचे आटे साफ करा, हेड सरळ पट्टीवर तपासून घ्या आणि डोम नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत घट्ट करा: ३.४ आणि ३.८ ला ५४ पाउंड-फूट (७३ न्यूटन-मीटर), ४.२ ला ५८ (७९ न्यूटन-मीटर). प्लग न लावता स्टार्टरवर प्रेशर येईपर्यंत इंजिन फिरवा, मगच प्लग लावून सुरू करा. पाणी पूर्ण तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बोनेटपाशीच उभे राहा. ८०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॉर्क आणि बाराही टॅपेट परत तपासा, कारण नवी गॅस्केट दबलेली असते आणि नव्याने घासून बसवलेले व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित खाली गेलेले असतात.